वाणात वाटलेले प्रवेश

निरुपमाबाई कारखानिसांना ‘नाही’ म्हणणारा माणूस बडोद्यात अजून जन्मायचा आहे, असं त्यांचे यजमान लक्ष्मीकांतराव येईल त्याला सांगत. “आणि जन्मलाच, तर त्याच्या बारशाला हीच जाईल पुढे होऊन,” अशी पुरवणीही जोडत. लक्ष्मीकांतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. बायकोची थट्टा एवढं एकच काम त्यांना उरलं होतं आणि ते ते मन लावून करत.

पण खोटं काही नव्हतं त्यात. वासण्याच्या त्यांच्या सोसायटीत बाईंची पावलं जिन्यावर वाजली, की खालच्या मजल्यावर टीव्ही बंद व्हायचे, दिवे मालवले जायचे. बाई बंद दारावर टकटक करून विचारायच्या, “काय हो, वीज गेली का तुमच्याकडची? मेणबत्ती आणू?” मग दार उघडावंच लागे. एकदा दार उघडलं, की गणपतीची वर्गणी, नाट्यस्पर्धेचं तिकीट, रक्तदान, जे काही असेल त्याला मान हलवूनच ते बंद करता येई. शाळेत तीस वर्षं मुलींना वठणीवर आणलेल्या बाई. आजेसासरे संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. हे बाई कधी सांगत नसत, पण कुणाला माहीत नसेल असंही होऊ देत नसत.

निवृत्तीनंतर बाईंनी हाती घेतलं ते जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेतलं, म्हणजे गल्लीतलं, कॉलेज. मंडळाची जुनी इमारत, खाली दुकानं, वर एक मोठी खोली आणि एक फळ्या ठोकून केलेली लहान खोली. पूर्वी तिथे नुसता शिवणवर्ग होता. मग सगळीकडे ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द आला, तसा मंडळानंही पाटीवर चढवला. त्याचा अर्थ मंडळातल्या कुणालाच नीट ठाऊक नव्हता. शेजारचा बांगडीवाला चौकशीला येणाऱ्यांना सांगे, “मराठी लोकोनुं छे, पण बधांने ले छे.” मराठी लोकांचं, पण घेतात सगळ्यांना, हे त्यातल्या त्यात बरोबर होतं. मोठ्या खोलीत दुपारी रुग्णसेविकेचा वर्ग भरायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, भरवायचं कसं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे एक निवृत्त सिस्टर शिकवत. शिकणाऱ्या डझनभरही नव्हत्या. सगळ्या पोळेतल्या नाहीतर आजूबाजूच्या, स्वयंपाक आटोपून पदराला हात पुसत येणाऱ्या.

त्यांतली एक कौशल्या. संस्थानच्या फौजेत होते असं सांगणाऱ्या घराण्यातली सून. फौज गेली, घोडे गेले, आता नवरा टेंपो चालवत होता. सासू अर्धांगाने पडलेली, तीन वर्षं. कौशल्या आधी सासूसाठी म्हणून शिकायला आली आणि मग तिला त्यात रस वाटू लागला. एका खासगी इस्पितळात तिला सांगितलं होतं, की प्रमाणपत्र घेऊन ये, पक्कं घेऊ. परीक्षा वैशाखात होती आणि हजेरी भरली तरच तिला बसता येणार होतं. कौशल्याचं सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं आणि निरुपमाबाईंना ते ठाऊक होतं. “ही माझी पहिली नोकरीवाली,” असं त्या चारचौघांत तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत. कौशल्या लाजून चूर व्हायची.

दिवाळी झाली आणि मंडळाची सभा भरली. अध्यक्ष जयसिंगराव. वाडवडील घोडदळातले, त्यामुळे जयसिंगराव कुठेही बसले तरी खाली घोडा बांधून आल्यासारखे बसत. खाली बांधलेली असे ती ॲक्टिवा, तीही सुनेची. मिशीला हात लावून ते म्हणाले, “बाई, कॉलेज वाढलं पाहिजे. डझनभर बायकांसाठी एवढी खोली अडकवून ठेवायची, हे काही बरं दिसत नाही.”

“वाढेल की. वेळ लागतो.”

“तर मग तुम्हीच करा योजना. रथसप्तमीपर्यंत नव्या बॅचची तीस नावं आणा. आणलीत, तर वर्ग चालू. नाही आणलीत, तर ही खोली साखरपुड्यांना आणि सीमंतांना द्यायला मी मोकळा. लोक रोज विचारतात मला.”

“आणि चालू बॅचचं काय? त्यांची परीक्षा आहे.”

“खोलीच नसेल, तर परीक्षा कशाची, बाई?”

सभेत चहाबरोबर लीलो चेवडो होता आणि सगळे तो चावत होते.

निरुपमाबाईंनी योजना आखली. शाळेत स्नेहसंमेलन आखत तशीच. पेपरमधून पत्रकं घातली. रिक्षाला भोंगा बांधून गोत्री-वासण्याला फिरवली. वाढ व्हायची ती तिकडेच, नवनव्या सोसायट्या तिकडेच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मग स्वतः दारोदार निघाल्या. नेमका मुहूर्त साधला तो डिसेंबराच्या मध्याचा.

पहिल्याच गुजराती दारात हंसाबेननी त्यांना पाणी दिलं, पत्रक डोळ्यांना लावल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “बहु सरस, बेन. पण हमणां तो कमुरता चाले छे. उत्तरायण पछी जोईशुं.”

दुसऱ्या दारातही कमुरता. तिसऱ्याही. संक्रांतीपर्यंतच्या या अशुभ महिन्यात बडोद्यात कुणी नवे जोडेसुद्धा घेत नाही. जन्म इथे गेला तरी बाईंना ते आठवलं नव्हतं, कारण मराठी घरात कमुरता पाळायचा असतो तो फक्त शेजाऱ्यांचा. घरी येऊन त्या धपकन बसल्या, तर लक्ष्मीकांतराव पेपरमागून म्हणाले, “अगं, कमुरत्यात साक्षात विष्णू दारात आला, तरी हे लोक त्याला उत्तरायणानंतर ये म्हणतील. तुझी काय कथा!”

“उत्तरायणानंतर जोईशुं म्हणाल्यात त्या.”

“जोईशुं म्हणजे काय, हे तुला या वयात मी शिकवायचं?”

बाईंना माहीत होतं. गुजराती बाईनं हसून ‘जोईशुं’, म्हणजे ‘बघू’, म्हटलं, की तिथे पुन्हा जायचं नसतं. तो नकारच, पाणी पाजून दिलेला. मराठी घरांत तर तेही नव्हतं. गोत्रीतल्या मराठी घरांमधल्या मुली कॅनडाला गेल्या होत्या किंवा जायच्या होत्या, आणि आयांना बागकामाचा वर्ग हवा होता.

संक्रांत उजाडली आणि हळदीकुंकवाचे दिवस सुरू झाले. बाई चांदीचा करंडा घासत बसल्या होत्या. यंदा वाण काय लुटायचं, याचा विचार चालला होता. मागल्या वर्षी प्लास्टिकचे डबे दिले, त्याआधी चहाची गाळणी. घासता घासता त्यांचा हात थांबला.

“अहो,” त्यांनी हाक मारली, “वाण कुणी नाकारतं का हो?”

“नाकारून जातंय कुठे? सवाष्णीचं वाण परत केलं तर तिचा अपमान. म्हणून तर आपल्या फडताळात सोळा सोपडिशा आहेत. एकही वापरत नाही आपण.”

पुढचं वाक्य बाईंनी ऐकलंच नाही.

आता जे झालं, ते सबंध मराठी बडोद्यात अजून चवीनं सांगतात. निरुपमाबाई गोत्री-वासण्याच्या प्रत्येक हळदीकुंकवाला गेल्या. बोलावलं होतं तिथे गेल्या, नव्हतं बोलावलं तिथे जरा आधी गेल्या. कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि ओटीत वाण घातलं ते कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मचं. गुंडाळी केलेला, लाल नाड्यानं बांधलेला, वर एक बोर आणि ओला हरभरा. “एवढं वाण घ्या हो माझं. आणि इथेच भरून द्या, पेन आहे माझ्याकडे.”

गोत्रीच्या कुसुमावतीबाई तर अशा, की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर अजून तेलाचा थेंब पडलेला कुणी पाहिला नव्हता. रुग्णसेवा म्हटल्यावर त्यांचं नाक वर गेलं. पण ओटीत वाण पडलं होतं, दहा बायका बघत होत्या. त्यांनी मुकाट्यानं नाव लिहिलं. वय लिहिताना जरा अडखळल्या आणि शेवटी सोयीचं लिहिलं. त्यांनी भरला म्हणून शेजारणीनं भरला, मग तिच्या जावेनं. हळदीच्या बोटांचे ठसे फॉर्मवर उमटले. कुठली वेळ बरी पडेल, असा एक रकाना होता. झाडून सगळ्यांनी लिहिलं, दुपारी.

रथसप्तमीच्या आधीच तिसांच्या वर नावं झाली. बाईंनी सगळे फॉर्म जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवले होते. लक्ष्मीकांतरावांनी एक उचलून नाकाशी धरला. “अत्तराचा वास येतोय. निरुपमा, ऐक माझं. वाणात आलेली गाळणी कोण वापरतं?”

“तुम्हाला नेहमी काहीतरी वाकडंच दिसतं.”

“मी गाळणीबद्दल विचारलं फक्त.”

“त्यांनी आपल्या हातानं नावं लिहिलीत. शिकल्यासवरल्या बायका आहेत त्या. उगीच लिहितील?”

जयसिंगराव मात्र बेहद्द खूष झाले. इतके, की बाईंनी मागितलं नव्हतं तेही त्यांनी देऊन टाकलं. नव्या बॅचला दुपार हवी, तर दुपारी मोठी खोली नव्या बॅचला. जुन्या बॅचनं सकाळी आठला यावं.

कौशल्या जिन्याशी बाईंची वाट बघत उभी राहिली. “बाई, सकाळी आठला मी कशी येऊ? सासूबाईंचं सगळं सकाळी असतं. पुसून घ्यायचं, भरवायचं, गोळ्या. तोवर नळ जातो. दुपारी त्या झोपतात तेवढाच वेळ मला सापडतो.”

“थोडे दिवस निभावून ने गं. वर्ग टिकला पाहिजे ना आधी? तो टिकला, तरच तुझी परीक्षा.”

“बरं,” कौशल्या म्हणाली.

बाई समाधानानं जिना चढून गेल्या. बडोद्यातली निम्मी माणसं त्यांना आयुष्यभर ‘बरं’ म्हणत आली होती. प्रत्येकाचं ‘बरं’ निराळं असतं, याची चौकशी करण्याची पाळीच बाईंवर कधी आली नव्हती.

नव्या बॅचचा पहिला दिवस. बाकं पुसलेली, फळ्यावर सिस्टरांनी खडूनं फुलं काढलेली. चार बायका आल्या. त्यांतल्या दोघींना मांडवीच्या बाजारात साड्या बघायच्या होत्या, त्या अर्ध्यातून उठल्या. दुसऱ्या दिवशी कुणी नाही. बाईंनी फोन लावले. कुणाकडे पाहुणे होते, कुणाचे गुडघे होते. कुसुमावतीबाई मात्र स्पष्टपणे, पण फार गोड बोलल्या. “अहो निरुपमाताई, आम्ही तुमच्या मानासाठी भरला हो फॉर्म. वाण कसं परत करायचं? तुम्ही खरंच यायला सांगाल, असं वाटलं नव्हतं.”

बाईंनी फोन ठेवला. एखादी गोष्ट सरळ कबूल करून मोकळं व्हावं, तर ती वेळही निघून गेली होती. जयसिंगरावांनी तोवर निरोप धाडला होता. मंडळाच्या जुन्या देणगीदारांचे चिरंजीव परदेशातून आलेत, शुक्रवारी भरलेला वर्ग दाखवायचा, फोटो काढायचा. आणि सकाळच्या वर्गात कौशल्या लागोपाठ गैरहजर आहे, असं सिस्टर म्हणत होत्या. आणखी थोडे दिवस असंच चाललं, तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं.

बाईंनी पुन्हा फोन उचलला. या वेळी त्यांनी शिकायला बोलावलं नाही. “शुक्रवारी एक दिवस या. माझ्यासाठी या,” म्हणाल्या. त्याला कोण नाही म्हणणार?

शुक्रवारी आल्या हो सगळ्या! पैठण्या, पाटोळी, गजरे. घडियाळी पोळेत इतक्या मोटारी लागल्या, की बांगडीवाल्याला वाटलं वर लग्नच आहे. बाकं भरली, मागे खुर्च्या मांडल्या. देणगीदारांचे चिरंजीव ‘वंडरफुल’ म्हणाले. जयसिंगरावांची मिशी थरथरत होती. सिस्टरांनी खाट पुढे ओढली आणि विचारलं, “आता कुणीतरी पेशंट व्हा. झोपा बघू इथे.”

सगळ्या हसल्या. इस्त्रीच्या पैठणीत खाटेवर कोण झोपणार?

तेवढ्यात दारात कौशल्या आली. तिची जुनी वेळ होती ती. सासू झोपली होती, म्हणून सकाळची हजेरी दुपारी लावून देतील का, एवढंच विचारायला आली होती. खोलीभर रेशीम बघून ती उंबऱ्यावरच थबकली. कुसुमावतीबाईंचं लक्ष गेलं. “अगं ए, जरा पाणी आण ना सगळ्यांना. केवढं उकडतंय!”

कौशल्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी तोंड उघडलं होतं. पण जयसिंगराव मध्येच म्हणाले, “पाणी राहू दे. तिलाच झोपवा ना खाटेवर. काय गं, झोपशील ना?”

आता निरुपमाबाई बोलतील, असं सिस्टरांना वाटलं. निदान नाव तरी सांगतील. बाईंनी टेबलावरच्या नारळाकडे पाहिलं, त्याची शेंडी सरळ केली.

कौशल्यानं चपला काढल्या आणि ती खाटेवर आडवी झाली. एका बाजूनं कुसुमावतीबाई, दुसऱ्या बाजूनं त्यांची शेजारीण. दोघींनी हसत हसत तिला या कुशीवरून त्या कुशीवर केलं. बांगड्या वाजल्या, फोटो निघाले. कौशल्यानं डोळे मिटून घेतले होते. तिची सासू असेच मिटून घेते, कुणी अंगाला हात लावला की.

मग शाल-श्रीफळ झालं, पेढे झाले. त्या गर्दीत कौशल्या केव्हा उतरून गेली, कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी घरी बाई जेवायला बसल्या आणि नुसता भात चिवडत राहिल्या. लक्ष्मीकांतरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ताक पुढे सरकवलं. थट्टा केली नाही. त्या शांततेनं बाईंना खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या जयसिंगरावांकडे गेल्या. जयसिंगराव झोपाळ्यावर होते.

“मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या बायका विद्यार्थिनी नाहीत. माझ्या पाहुण्या आहेत. हळदीकुंकवात…”

“माहीत आहे मला,” जयसिंगराव म्हणाले. “आमच्या सौभाग्यवतीनंही भरलाय एक. बोर खाल्लं, फॉर्म तुम्हाला दिला.”

“मग तुम्ही एवढा गाजावाजा…”

“बाई, उगीच वर्ग बंद केला असता, तर गाव माझ्या नावानं बोललं असतं. सरदार घराण्यातल्या माणसानं शिक्षणाची खोली लग्नाला दिली म्हणून. आता कसं आहे, आपण योजना केली, नावं आली, दुपारची वेळ दिली, पाहुण्यांना दाखवलं. त्यावर कुणी आलंच नाही, तर आपण काय करणार? माझ्यावर शब्द नाही आणि तुमच्यावरही नाही. कष्ट घेतलेत तुम्ही.” झोपाळ्याला त्यांनी पायानं हलकेच झोका दिला. “चहा घेणार ना?”

पहिल्यांदाच कुणीतरी निरुपमाबाईंना न दुखवता, त्यांचा मान राखून, चहा विचारून ‘नाही’ म्हणत होतं. आणि त्याचं सगळं साहित्य बाईंनीच पुरवलं होतं, लाल नाड्यात बांधून.

चहा त्यांनी घेतला नाही. उभ्यानंच म्हणाल्या, “जुन्या बॅचला दुपार परत द्या. परीक्षेपर्यंत. कौशल्याची बुडालेली हजेरी मी रोज जादा तास घेऊन भरून काढीन. तेवढं द्या आणि मग खोली घ्या.”

“नव्या बॅचचं काय सांगायचं लोकांना?”

“मी सांगते सभेत. माझी योजना फसली, वाढ होण्यासारखी नाही, मी मागे घेते म्हणून.”

जयसिंगरावांनी झोपाळा थांबवला. एवढं स्वस्तात मिळेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. “चालशे,” म्हणाले.

सभेत बाईंनी तसं सांगितलं. त्या दिवशी खमण होतं. सगळ्यांनी फार वाईट वाटून घेतलं आणि एकानं तर आभाराचा ठरावही मांडला.

तिथून बाई पोळेत आत, कौशल्याच्या घरी गेल्या. दोन वर्षं ओळख होती, पण हा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. संक्रांतीचा सगळा महिना गोत्री-वासण्यात पायपीट केली, तेव्हाही कॉलेजपासून हाकेच्या अंतरावरच्या या दारात त्या आल्या नव्हत्या. इथे कुठली वाढ व्हायची, असं धरूनच चालल्या होत्या त्या. कौशल्या सासूला भरवत होती. उठली नाही. चमचा सासूच्या ओठांशी धरून म्हणाली, “बसा ना बाई. हे संपवते.”

बाई बसल्या. काय बोलावं, याची जुळवाजुळव त्यांनी रस्ताभर केली होती. त्यातलं एवढंच आठवलं, “उद्यापासून दुपारीच ये. परीक्षेला तू बसणार आहेस.”

कौशल्यानं मान डोलावली. शुक्रवारचा विषय तिनं काढला नाही आणि तो काढायचं बाईंनाही जमलं नाही. तो तसाच दोघींच्या मध्ये राहिला, पुढेही.

पण कौशल्या आली. रोज आली. वैशाख लागला, परीक्षा झाली, ती पासही झाली. निकालाच्या दिवशी मोठ्या खोलीत मांडववाल्याची माणसं मापं घेत होती आणि बाई कपाटातली पुस्तकं पोत्यात भरत होत्या. कौशल्या पेढे घेऊन वर आली. एकटी नव्हती. मागे पोळेतल्या चार-पाच बायका होत्या, पदर खोचलेल्या, हात पुसत आलेल्या. एकीच्या कडेवर मूल.

“बाई, ही माझी नणंद. ही समोरची, या दोघी पलीकडच्या बोळातल्या. मला नोकरी लागणार म्हटल्यावर मागेच लागल्यात. यांना घ्याल ना पुढच्या बॅचला? दुपारचाच ठेवा पण.”

मांडववाल्यानं फीत सर्रकन ओढून घेतली. बायका बाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. खोली गेली, वर्ग बंद झाला, हे कौशल्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

निरुपमाबाईंनी पेढा हातात घेतला. तोंड भरून हसल्या. कडेवरच्या मुलाच्या गालाला हात लावला.

“बहु सरस,” त्या म्हणाल्या. “उन्हाळा उतरू दे. मग जोईशुं.”